साध्या मोरोक्कन-मेडिटेरेनियन रेस्टॉरंटमध्ये शाकाहारी आईवडिलांना नेलं तर काय मागवावं?

तुमचा प्रश्न असा: ब्रसेल्सला राहता, घराखालीच एक मोरोक्कन-मेडिटेरेनियन रेस्टॉरंट आहे, जूनमध्ये आईवडील येतायत, दोघंही शाकाहारी, आणि मेनूत ‘सात भाज्यांचं कुसकुस’ (कुसकुस म्हणजे रव्याचे वाफवलेले बारीक दाणे) दिसतंय, तर ते डोळे झाकून मागवावं का.

मागवू नका. आधी भांडं उघडून बघा, मग मागवा. याच एका ताटावरून माझी नणंद माझ्याशी 2018 पासून धड बोलत नाही, त्यामुळे हा प्रश्न दिसल्यावर मेथी निवडायची अर्धी टाकून लिहायला बसलेय.

आमच्या गल्लीतली ती जागा तुम्ही वर्णन केलीय तशीच. आठ टेबलं, त्यांवर कागद अंथरलेला, कोपऱ्यात फुटबॉल चालू असलेला टीव्ही, दारू नाही. कुसकुस फक्त शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजानंतर, आणि संपलं की संपलं. पाटीवर ‘मोरोक्कन व मेडिटेरेनियन’ लिहिलंय, पण यातल्या ‘मेडिटेरेनियन’ला फार मनावर घेऊ नका. आपल्याकडे उडप्याच्या पाटीवर ‘पंजाबी, चायनीज’ असतं, तितकाच त्याचा अर्थ. हमस, फलाफल हे लेबनॉन-सीरियाकडचं, गिऱ्हाईक मागतं म्हणून ठेवलेलं. तिथे जाऊन फलाफल खाणारी माणसं मला उडप्याकडे जाऊन हक्का नूडल्स मागवणाऱ्यांसारखी वाटतात.

गल्ल्याच्या मागे भिंतीवर एक फोटो आहे. खाणीतलं हेल्मेट घातलेला, तोंड काळं झालेला एक तरुण. मालकाचे वडील. 8 ऑगस्ट 1956 ला बेल्जियममधल्या मार्सिनेलच्या कोळशाच्या खाणीत आग लागून 262 माणसं गेली, त्यात 136 इटालियन. त्यानंतर इटलीने आपली माणसं इथल्या खाणीत धाडायचं बंद केलं, मग बेल्जियमने माणसांसाठी इकडेतिकडे हात पसरले आणि 17 फेब्रुवारी 1964 ला मोरोक्कोशी करार झाला. मालकाचे वडील त्या करारावर आलेले, उत्तरेच्या रिफ डोंगराळ भागातून. बायको मागाहून आली. तीच ही आजी, हिच्याबद्दल पुढे येतंच.

तर सासूबाई. कऱ्हाडच्या. माळकरी. तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आल्या होत्या, आणि त्यापायी त्यांची त्या वर्षीची वारी चुकत होती, म्हणून आधीच मन थाऱ्यावर नव्हतं. चौथ्या मजल्यावरचं घर, खिडकीतून ट्राम मोजायची, दुसरं काही नाही. एका शुक्रवारी मी म्हटलं, चला आई, खाली जेवू.

मी मालकाला सांगितलं, ‘सां व्यांद’, म्हणजे मांस नको. तो म्हणाला, काहीच अडचण नाही. ताट आलं. पसरट मातीचं ताट, मधे दाण्यांची रास, आणि तिला टेकवून उभ्या लावलेल्या भाज्या: गाजर, सलगम, कोबीचा अख्खा चतकोर, लाल भोपळ्याची फोड, झुकिनी, वर पेरलेले हरभरे. रस्सा वाडग्यात वेगळा. सासूबाई म्हणाल्या, “नैवेद्याचं ताट रचल्यासारखं रचलंय गं.” आणि चमचा बाजूला ठेवून त्यांनी सरळ हात घातला.

कोपऱ्यातल्या टेबलावर आजी कोथिंबीर निवडत बसली होती. हाताने जेवणारी म्हातारी बाई बघून ती उठलीच. शेजारी येऊन बसली, तळहातावर थोडं कुसकुस घेतलं, दोनदा हलकेच उडवून त्याचा गोळा वळून दाखवला. सासूबाईंनी दुसऱ्याच प्रयत्नात तसाच वळला. कळीचे लाडू वळणारा हात तो. आजी हसून म्हणाली, “बिस्सहा.” जेवणाऱ्याला म्हणायचं असतं ते. एकीला मराठीखेरीज काही येत नाही, दुसरीला रिफी आणि थोडी अरबी. तरी दहा मिनिटांत दोघींचं गुडघ्यांच्या दुखण्यापर्यंत आलं होतं.

मग सासूबाईंना ते कसं करतात बघायचं होतं. आजीने हात धरून आत नेलं. मी लेकाला कडेवर घेऊन मागे.

हे नीट वाचा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. कुसकुस पाण्यात शिजवत नाहीत, वाफवतात. भांडं दोन मजली. खालच्या उंच भांड्यात रस्सा उकळत असतो, वरच्या भांड्याला तळाशी भोकं, त्यात दाणा. खालच्या रश्श्याच्या वाफेवर वरचा दाणा फुलतो. एकदा वाफ आली की मोठ्या परातीत ओततात, पाण्याचा हबका मारून तेल किंवा लोणी लावून हाताने गुठळ्या मोडतात, पुन्हा वाफेला ठेवतात. असं तीनदा. पाकिटावर ‘गरम पाणी ओता, पाच मिनिटं झाका’ लिहिलेलं असतं, ती आधीच वाफवून वाळवलेली सोय आहे. ते खाऊन ‘कुसकुस म्हणजे काय, आपला उपमाच’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. (घालते.)

दोन भांड्यांच्या सांध्यातून वाफ जाऊ नये म्हणून आजीने पिठाच्या पाण्यात भिजवलेली कापडाची पट्टी गुंडाळली होती. ती बघून सासूबाई खूश. “अगं, हे तर मोदकपात्र, कणीक लावून बंद केलेलं.” आजीला वाटलं, आणखी दाखवावं. तिने पट्टी सोडली, वरचं भांडं दोन्ही हातांनी उचललं. वाफ विरली. खाली नारिंगी रस्सा, तेलाचा तवंग, भोपळ्याची फोड, आणि तिच्या शेजारी एक नळीचं हाड वर आलं, जरा फिरलं आणि पुन्हा खाली गेलं.

सासूबाईंचा हात गळ्यातल्या माळेवर गेला. तोंडातून शब्द नाही.

म्हणजे मी ‘मांस नको’ म्हटल्यावर मालकाने काय केलं, तर ताटात मांस वाढलं नाही. त्याच्या हिशेबाने बरोबरच. पण भाज्या त्याच मटणाच्या रश्श्यात शिजलेल्या, दाणा त्याच वाफेवर फुललेला, आणि वाडग्यातला रस्सा तोच. ‘सात भाज्यांचं’ हे नाव भाज्या मोजतं, मटण त्यात धरलेलंच असतं.

सासूबाईंनी चूळ भरली, हात धुतले, टेबलावर येऊन बसल्या. आजीने आपल्या लेकाला, म्हणजे मालकाला, विचारलं, त्याने मला. मी कसंबसं सांगितलं: धर्माचं आहे, रस्सासुद्धा चालत नाही. त्याचा चेहराच उतरला. म्हणाला, आम्हाला कुणी डुकराच्या चरबीत तळून वाढलं आणि नंतर सांगितलं तर जे होईल, तेच मी केलं. पैसे घेतले नाहीत. सासूबाईंना मी ते भाषांतर करून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “त्यांचा काय दोष. त्यांना काय माहीत.” त्या रात्री नुसतं दूध घेतलं, दुसऱ्या दिवशी उपास. “पांडुरंगाला काय सांगायचं ते मी सांगेन.” विषय संपला.

म्हणजे आमच्या घरात संपला. मी मूर्खासारखा ताटाचा फोटो आधीच घरच्या ग्रुपवर टाकला होता, ‘आईंची पार्टी’ म्हणून. संध्याकाळी सासूबाईंनी लेकीला फोनवर जे झालं ते सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मी आईला बाटवणारी सून. पुढे भाच्याच्या मुंजीत, भर पंगतीत, माझ्या पानात वाढताना नणंद: “हिला काय विचारता, हिला सगळं चालतं.” माझं चालतं हे खरंच आहे, मी मटण खाते. म्हणून मी मुद्दाम केलं?

मुद्दाम नाही केलं. पण इतकं लिहिलंच आहे तर हेही लिहिते. मी तिथे आधी वर्षभर जेवत होते. त्या रश्श्याची चव मला ठाऊक होती. ‘सां व्यांद’ म्हणताना डोक्यात एकदा येऊन गेलं होतं की रश्श्याचं विचारावं. लेक रडत होता, मागे रांग होती, माझं फ्रेंच तोडकं. नाही विचारलं. नणंदेने हे कधी विचारलं असतं तर सांगितलं असतं. तिने विचारलं नाही, सरळ निकाल दिला.

आता तुमचं काम. ‘व्यांद’ असं विचारूच नका, ‘बुयाँ’ विचारा, म्हणजे रस्सा कशाचा आहे ते. अरबी येणारं कुणी असेल तर ‘मरका’ म्हणा, लगेच कळतं. मेनूवरच्या बारीक अक्षरांवर भरवसा ठेवू नका. युरोपात डिसेंबर 2014 पासून चौदा अ‍ॅलर्जीकारक पदार्थांची माहिती द्यावीच लागते, पण त्या यादीत सेलरी आहे, तीळ आहे, मोहरी आहे, मांस नाही. त्यामुळे रश्श्यात सेलरी असेल तर कायद्याने सांगतील, बोकड असेल तर तुम्ही विचारायचं.

हरीरा हे सूप टोमॅटो-मसूर-हरभऱ्याचं दिसतं, पण त्यात बहुतेक वेळा मांस असतं, ते सोडाच. पास्तिया दिसायला मिठाई. वर पिठीसाखर, दालचिनी, आत बदाम, आणि बदामाखाली कोंबडी किंवा कबुतर. तुमचे बाबा गोड समजून पहिला हात तिथेच घालतील. भाज्यांच्या ताजिनलाही, म्हणजे झाकणाच्या मातीच्या भांड्यात मंद शिजवलेल्या रश्श्यालाही, तोच ‘बुयाँ’चा प्रश्न. आणि ताजिनबरोबर कुसकुस मागू नका, ते पावाशी खायचं असतं, आपण रस्सा भाकरीशी खातो तसं.

मग खायचं काय? झालूक. वांगं-टोमॅटो-लसूण-जिरं, म्हणजे चुलत घराण्यातलं भरीत. ताक्तुका, भाजलेल्या ढोबळ्या मिरच्या आणि टोमॅटोची. आणि बिसारा मिळत असेल तर दुसरं काही बघूच नका. वाळवलेल्या बाकल्याच्या (फावा बीन्सच्या) डाळीचं घट्ट पिठल्यासारखं, वर ऑलिव्हचं तेल आणि जिरेपूड. तिकडे गरिबाची न्याहारी आहे ती, त्यामुळे या रेस्टॉरंटांना मेनूवर टाकायची लाज वाटते. विचारलं तर आतून येते. (तीही नुसत्या पाण्यातच शिजवलीय ना, विचारून घ्या. बहुतेक असतंच.) नंतर म्समेन, म्हणजे चौकोनी घडीचा पराठा, मधाबरोबर. रविवारी सकाळी मिडी स्टेशनजवळच्या बाजारात तव्यावरचा गरम मिळतो, तो रेस्टॉरंटपेक्षा चांगला. बग्रीर ही रव्याची आंबोळीच, एकाच बाजूने भाजलेली, वर भोकंच भोकं. शेवटी पुदिन्याचा चहा. साखर कमी सांगून उपयोग नाही, सांगून बघा.

कुसकुस खायचंच असेल तर आदल्या दिवशी जाऊन सांगा. आमच्याकडे पुढच्या शुक्रवारी आजीनेच बोलावणं धाडलं. सासूबाई जायला तयार, पण आपलं मोदकपात्र घेऊन. मी चार मजले ते पितळी धूड उतरवलं. आजीने खाली भाज्या, हरभरे, केशर, आलेपूड आणि नुसतं पाणी घातलं, वर दाणा. सांध्याला सासूबाईंनी कणीक लावली. त्या दोघी ते मोदकपात्र राखत दीड तास स्टुलावर बसून होत्या. चव? खरं सांगते, मटणावरच्या कुसकुसाची सर नाही. सासूबाईंना मात्र ते जास्त आवडलं, आणि पुढचे सगळे शुक्रवार त्यांनी खालीच काढले. अजूनही मी कऱ्हाडला जाताना मध्यम दाण्याचं दोन किलो नेते.

आणखी एक, आईवडिलांसाठी हे फार महत्त्वाचं. बेल्जियमचे प्रसिद्ध फ्रिट, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या काड्या, जुन्या रिवाजाप्रमाणे गाईबैलाच्या चरबीत तळतात. आता बरेच जण वनस्पती तेल वापरतात, पण जो गाडीवाला ‘अस्सल’ म्हणून मिरवतो तिथे हमखास चरबी असते. आधी विचारा, ‘ग्रेस द बफ?’ तो हो म्हणाला तर पुढे चला. वरचं मेयोनेज अंड्याचं असतं, तेही लक्षात ठेवा.

2022 मध्ये नणंद आणि तिचे यजमान पाच दिवस आले होते. मोरोक्कन रेस्टॉरंटच्या दारातही उभे राहणार नाही म्हणाली. बाहेर फिरताना पाचही दिवस फ्रिट खाल्ले, मेयोनेज लावून, आणि कोन हातात धरून फोटो ग्रुपवर टाकले. मी कऱ्हाडला फोन करून सासूबाईंना विचारलं, सांगू का? त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “राहू दे. तिला आवडलंय ना?”