‘बाहेरून आणा’ म्हणाले, तर तसं लिहून घ्या

सरकारी दवाखाने आणि औषधांबद्दलच्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषधखिडकीवर २८ वर्षं काम केलेल्या निवृत्त औषधनिर्माण अधिकारी.

प्रश्न : ताई, माझ्या सासऱ्यांना बीपी आणि शुगर दोन्ही आहे. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कधी पाच दिवसांच्या गोळ्या मिळतात, कधी ‘संपल्यात, बाहेरून आणा’ म्हणून छोट्या चिठ्ठीवर नावं लिहून देतात. केंद्र लांब आहे. वडापचं भाडं जातं, वर एका दिवसाची मजुरी बुडते. गोळ्या मोफत मिळणं हा आमचा हक्क आहे की त्यांची मर्जी?
— एक सून, जि. अहिल्यानगर

उत्तर : सूनबाई, हक्क आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. केसपेपरलाही पैसे नाहीत. रेशनकार्ड पिवळं की केशरी, हा प्रश्नच तिथे येत नाही.

आता तुमच्या त्या चिठ्ठीबद्दल. ती चिठ्ठी मी चांगली ओळखते. चतकोर कागद, त्यावर ना केंद्राचा शिक्का, ना तारीख, ना सही. अशा चिठ्ठ्या मीही कित्येक वर्षं दिल्या. समोर पन्नास माणसांची रांग, मागे रिकामं कपाट, आणि रुग्णाला निदान औषधाचं नाव तरी कळावं म्हणून लिहून द्यायचं. त्यात आपण काही चुकीचं करतोय असं वाटायचंही नाही.

चूक कुठे होती ते मागणीपत्र भरताना कळलं. पुढच्या वर्षी किती गोळ्या लागतील, हे आम्ही गेल्या वर्षी किती वाटल्या त्यावरून ठरवायचो. समजा, तुमच्या केंद्रात बीपीचे १०० रुग्ण आहेत आणि प्रत्येकाला रोज एक अ‍ॅम्लोडिपिन लागते. महिन्याला ३,००० गोळ्या, वर्षाला ३६,५००. साठा सात महिन्यांत संपला, पुढचे पाच महिने सगळ्यांना चिठ्ठ्या दिल्या. नोंदवहीत दिसतं काय? वर्षाचा खप २१,०००. मग मागणीही तेवढ्याचीच जाते, फार तर थोडी वाढवून. पुढच्या वर्षी पुन्हा सातव्या-आठव्या महिन्यात कपाट रिकामं. जे पाच महिने लोक हात हलवत परत गेले, ते कागदावर कुठेच नसतात. वरच्या कार्यालयात बसलेल्या माणसाला वाटतं, या केंद्राची गरजच एवढी आहे.

माझ्या खिडकीवर एक आजोबा यायचे. सलग तीन महिने मी त्यांना चिठ्ठी दिली. त्यांनी गोळ्या विकत घेतल्याच नव्हत्या, पैसे नव्हते. चौथ्या महिन्यात त्यांचा मुलगा आला आणि म्हणाला, अण्णांची एक बाजू गेली. मी त्यांचा जुना केसपेपर काढून पाहिला. शेवटची नोंद माझ्याच अक्षरात होती : पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. त्यानंतर काहीच नाही. त्यांच्या तीन फेऱ्यांची कुठे खूणसुद्धा नव्हती.

त्या आठवड्यात मी एक दोनशे पानी वही घातली. औषधाचं नाव, तारीख, किती जण न घेता परत गेले. वर्षअखेरीला त्याची बेरीज करून मागणीपत्राला जोडली. पुढच्या खेपेला बीपीच्या गोळ्या वाढून आल्या. मलमं आणि लहान मुलांची सिरपं मात्र तशीच कमी राहिली, ते खोटं सांगणार नाही.

म्हणून तुम्हाला माझं सांगणं असं. चतकोर चिठ्ठी घेऊच नका. डॉक्टरांना म्हणा, ‘सर, महिन्याची औषधं केसपेपरवरच लिहा आणि जे नाही त्याच्यापुढे उपलब्ध नाही असं लिहून द्या.’ भांडू नका. शांतपणे सांगितलं की बहुतेक डॉक्टर लिहितात, कारण तुटवड्याचा त्रास त्यांनाही आहे. त्या केसपेपरचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मग विचारा, रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून घेता येतील का? तातडीची औषधं त्यातून स्थानिक पातळीवर घेता येतात. समितीवर तुमच्या भागातले लोकप्रतिनिधीही असतात, त्यांच्या कानावर घाला. एवढं करून हललं नाही तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना अर्ज द्या आणि सोबत केसपेपरची झेरॉक्स जोडा. १०४ या टोल फ्री क्रमांकावरही तक्रार करता येते.

आणि पाच दिवसांचं म्हणाल, तर ज्यांचं बीपी-शुगर आटोक्यात आहे त्यांना एकदम ३० दिवसांच्या गोळ्या द्यायला हव्यात. साठा कमी असला की ‘सगळ्यांना थोड्या थोड्या’ असं केलं जातं. वरवर ते न्यायाचं दिसतं, पण दर पाच दिवसांनी मजुरी बुडवून कोण येईल? गावातलं उपकेंद्र आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ झालं असेल, तर तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना भेटा. डॉक्टरांनी एकदा औषध ठरवून दिलं की पुढच्या महिन्यांच्या गोळ्या तिथूनच मिळू शकतात. केंद्राची लांबची फेरी वाचली तरी सासऱ्यांच्या गोळ्या चुकायच्या थांबतील.

तमिळनाडूने १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढलं, जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामं बांधली आणि प्रत्येक दवाखान्याला पासबुक दिलं. बँकेत असतं तसं, किती मंजूर, किती उचललं, किती शिल्लक. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून मोफत औषध योजना सुरू केली. आपल्याकडे औषधखरेदी २०१७ मध्ये हाफकिन या राज्य सरकारच्या लस-औषध बनवणाऱ्या महामंडळाकडे दिली, नंतर २०२३ मध्ये त्यासाठी कायदा करून वेगळं प्राधिकरण नेमलं. यंत्रणा कोणतीही असो, खालून जाणारा आकडा खरा नसेल तर ती तरी काय पाठवणार? आणि तो आकडा खरा होतो तुमच्या केसपेपरवरच्या त्या दोन शब्दांनी.

प्रश्न : जनऔषधी केंद्रातल्या गोळ्या एवढ्या स्वस्त कशा? त्या कमी ताकदीच्या असतात असं आमचे मेडिकलवाले म्हणतात.
— सेवानिवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : गुरुजी, पाकीट उलटं करून घटक वाचा. मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम लिहिलं असेल, तर आत तेच आणि तेवढंच असणं कायद्याने बंधनकारक आहे, नाव कोणतंही असो. स्वस्ताईचं कारण असं, की त्या किमतीत जाहिरातीचा, कंपनीच्या प्रतिनिधींचा आणि मोठ्या नावाचा खर्च नसतो. गोळी खराब निघू शकते का? निघू शकते, पण ती महागड्या नावाचीही निघू शकते. शंका आली तर पाकीट आणि बिल जपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. बॅच नंबरशिवाय त्यांना पुढे काही करता येत नाही, म्हणून पट्टीचं बॅच नंबर असलेलं टोक कापून फेकू नका.

एक अडचण मात्र खरी आहे. चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असेल, तर दुकानदाराला स्वतःच्या मनाने त्याऐवजी दुसरं औषध देता येत नाही, नियमच तसा आहे. म्हणून हे काम दुकानात नाही, डॉक्टरांच्या टेबलाशी करायचं. ‘औषधाचं मूळ नाव लिहून द्या’ म्हणा. जेनेरिक नावाने, वाचता येईल अशा अक्षरात लिहावं, हे डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेतच आहे.

किमतीबद्दलही थोडं. राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांची २०२२ ची यादी ३८४ औषधांची आहे. त्यांची कमाल किंमत सरकार बांधून देतं. बाजारात एक टक्का किंवा जास्त हिस्सा असलेल्या ब्रँडांच्या किमतीची सरासरी काढायची आणि त्यावर दुकानदाराचे १६ टक्के धरायचे, असं ते सूत्र आहे. मला हे सूत्र कधीच पटलं नाही. गोळी बनवायला किती खर्च येतो हे त्यात कुठे येतच नाही. सगळेच महाग विकत असतील तर सरासरीही महागच निघणार. तरी यादीतल्या औषधाची कमाल किंमत ‘फार्मा सही दाम’ या सरकारी अ‍ॅपवर पाहता येते. तुमच्या विद्यार्थ्यांपैकी कुणाकडून तरी ते मोबाइलमध्ये घालून घ्या.

प्रश्न : मुलीला बाळंतपणासाठी सरकारी रुग्णालयात नेलं. सिझर झालं. हातमोजे, सलाईन, काही इंजेक्शनं आम्हाला बाहेरून आणायला लावली. हे बरोबर आहे का?
— एक आई, यवतमाळ

उत्तर : नाही, बरोबर नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम १ जून २०११ पासून आहे. सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण, सिझर धरून, पूर्ण मोफत. औषधं, हातमोज्यांसारखं साहित्य, तपासण्या, लागलं तर रक्त, नैसर्गिक बाळंतपणात तीन दिवस आणि सिझरमध्ये सात दिवसांपर्यंत जेवण, आणि घरून नेणं-परत सोडणंही. गाडीसाठी १०२. बाळ आजारी पडलं तर वर्षाचं होईपर्यंत त्याचे उपचारही त्यातच येतात. हे नंतरचं पुष्कळ जणींना माहीतच नसतं. ताई, बिलं आहेत ना? ती, डिस्चार्ज कार्डची प्रत आणि काय काय आणायला लावलं त्याची यादी जोडून जिल्हा शल्यचिकित्सकांना अर्ज द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.

प्रश्न : वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पैसे घेतले. सगळं मोफत आहे ना?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ती रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाची आहेत. मोफत उपचारांचा २०२३ चा निर्णय त्यांना लागू नाही, महापालिकेच्या दवाखान्यांनाही नाही. भरती होऊन करायच्या उपचारांसाठी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेसाठी नेमलेल्या मदतनिसाला, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल विचारा. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. चौकशीसाठी १५५३८८. ओपीडीच्या गोळ्या मात्र त्यात बसत नाहीत.

प्रश्न : आमच्या सहा वर्षांच्या मुलाला कुत्रं चावलं. केंद्रात म्हणाले, ‘आणखी तीन-चार जण जमले की लस फोडू, सोमवारी या.’ तो गुरुवार होता.
— एक वडील, जि. सोलापूर

उत्तर : हे वाचून मला त्या रात्री झोप आली नाही. दादा, तुम्ही तालुक्याला जाऊन त्याच दिवशी लस घेतलीत असं पुढे लिहिलंय, फार बरं केलंत.

असं का म्हणतात ते सांगते, म्हणजे पुढच्या वेळी कुणाला उत्तर देता येईल. कातडीत द्यायच्या लसीचा डोस ०.१ मिलिलिटरचा, दोन ठिकाणी. एका कुपीत अनेकांचं भागतं आणि फोडलेली कुपी सहा ते आठ तासांत संपवावी लागते, उरलेली फेकायची. लस वाया गेली तर हिशेब द्यावा लागतो, म्हणून कर्मचारी घाबरतात. पण चावलेल्या माणसाला पहिल्या डोससाठी थांबवायचं नाही. एकट्यासाठी कुपी फोडावी लागली तर फोडायची आणि नोंदवहीत तसं लिहायचं. मी फोडली आहे, दोनदा. हिशेब विचारला गेला, दिला.

चावल्याबरोबर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. पहिला डोस त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. कातडी फाटून रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही, द्यावं लागतं. ते तुमच्या मुलाला दिलं का, हे पत्रात नाही. दिलं नसेल आणि पहिल्या लसीला सात दिवस झाले नसतील, तर हा अंक बाजूला ठेवा आणि आजच जिल्हा रुग्णालयात जा. लसीचं कार्ड सोबत न्या.