सुरुवातीला झॅम्प पुरे

अरे, डॉकर, व्हर्च्युअल मशीन वगैरे (प्रोग्रॅम वेगळ्या बंदिस्त जागेत चालवायची साधनं) आत्ता डोक्यातून काढून टाक. पीएचपी, म्हणजे सर्व्हरवर चालून वेबपानं बनवणारी भाषा, शिकायचंय ना? मग झॅम्प (XAMPP) हे तयार पॅकेज टाक. अपाचे (पानं ब्राउझरला पाठवणारा वेब सर्व्हर), पीएचपी आणि डेटाबेस एकदमच येतात. विंडोजवर ते थेट सी ड्राइव्हवर ठेव, प्रोग्रॅम फाइल्समध्ये टाकलंस की परवानग्यांची कटकट मागे लागते.

नवीन माणूस हमखास अडकतो ते पुढे. फाइल झॅम्पमधल्या एचटीडॉक्स (htdocs) फोल्डरमध्ये नीट ठेवतो आणि मग तीच उचलून ब्राउझरमध्ये ओढतो! पानाऐवजी कोड दिसतो. अशा वेळी अ‍ॅड्रेस बार बघ. सुरुवातीला 'फाइल' (file) असेल तर पीएचपी चाललेलंच नाही. तिथे हाताने लोकलहोस्ट (localhost, म्हणजे तुझंच मशीन), तिरकी रेघ (/) आणि तुझ्या फोल्डरचं नाव टाइप कर. माझा यात अख्खा रविवार गेला होता.

आणखी दोन गोष्टी:

- अपाचे सुरूच होत नाही? बहुतेक पोर्ट ८० (अपाचे ज्या क्रमांकाच्या दारावर ऐकतो ते) दुसऱ्या प्रोग्रॅमने अडवलेलं असतं. पुन्हापुन्हा इन्स्टॉल करू नकोस. अपाचेच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये 'लिसन ८०' (Listen 80) या ओळीत ८० चं ८०८० कर. मग पत्त्यातही लोकलहोस्टपुढे कोलन देऊन ८०८० लिहायचं.
- नोटपॅडने फाइलच्या नावामागे गुपचूप टीएक्सटी चिकटवलंय का, तेही बघ.

झॅम्पमध्ये डेटाबेसच्या रूटला, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य युजरला, सुरुवातीला पासवर्ड नसतो. शिकताना घरच्या मशीनवर चालतं, पण हाच सेटअप इंटरनेटवर उघडा टाकू नकोस.