आरशासमोर : रंग, केस आणि जुनी मापं

1843 साली 5 नोव्हेंबरला विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ रंगवलं. ती तारीख आता रंगभूमी दिनाची आहे आणि तिच्या आगेमागे इकडे हौशी नाटकांच्या तालमींना ऊत येतो. त्यामुळे या महिन्याच्या टपालात हौशी अभिनेत्रींची पत्रं बरीच आहेत. त्यांतली काही आणि घरच्या कार्याच्या तयारीतली काही, अशी आठ पत्रं निवडली. उत्तरं आमच्या रंगभूषाकार, त्वचारोगतज्ज्ञ आणि शिवणकाम शिकवणाऱ्या सहकाऱ्यांची आहेत.

माझं वय 58. यंदा पंचाहत्तरीच्या आजीची भूमिका आहे. दिग्दर्शक म्हणतात, केसांना पांढरी पावडर लावा आणि कपाळावर रेषा काढा. मागच्या नाटकात तसंच केलं, तर फोटोत मी मांजरासारखी दिसले! – एक वाचक, सांगली

काळ्या पेन्सिलीने रेषा काढल्या की त्यांच्या मिशाच होतात, ताई. पहिल्या रांगेला त्या रेघोट्या वाटतात आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचतच नाहीत. 58 आणि 75 यांतला फरक मुख्यतः रंगाचा आहे. गालाओठांची लाली जाते, भुवया विरळ होतात, कानशिलं आणि गालफडं आत जातात. म्हणून आधी रंग काढून घ्या. तुमच्या कातडीपेक्षा अर्धी छटा फिकट, जराशी पिवळसर पॅनस्टिक (कांडीतला रंगभूषेचा बेस) ओल्या स्पंजने पातळ लावा आणि तोच स्पंज ओठांवरूनही फिरवा. मग मातकट तपकिरी रंग कानशिलांवर, डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांशी आणि गालाच्या हाडाखाली बोटाने थोपटा. आता आठ्या घाला, डोळे बारीक करा. तुमच्या स्वतःच्या घड्या जिथे पडतात तिथेच बारीक ब्रशने तपकिरी भरा. घडीची एक कड ठळक ठेवून दुसरी बोटाने विरवा आणि शेजारच्या उंचवट्यावर फिकट रंग द्या. सावलीला लागून उजेड नसेल तर लांबून खोली दिसत नाही.

केसांना पावडर नकोच. ती खांद्यावर गळते आणि गडद लुगड्यावर पहिल्याच प्रवेशात उघडी पडते. पांढरा पॅनकेक (रंगभूषेचा वडीसारखा रंग) जुन्या टूथब्रशवर घ्या, ब्रश फडक्यावर जवळजवळ कोरडा करा आणि कानशिलापासून केसांच्या दिशेने दोन-अडीच इंच ओढा. भांगाच्या दोन्ही कडांनाही तसंच. मधले काळे केस तसेच राहू द्या, पांढऱ्याला त्यांच्यामुळेच खरेपणा येतो. त्या दिवशी डोक्याला तेल नको, रंग घसरतो. भुवयांवरून मात्र ब्रश उलट्या दिशेने फिरवा.

हमखास विसरतात ते हात. काठी धरलेला हात गुळगुळीत राहिला तर चेहऱ्याची सगळी मेहनत वाया. हाताच्या मागच्या बाजूला हाडांमधल्या खळग्यांत तपकिरी आणि शिरांवर किंचित निळसर करडा रंग द्या. मान आणि कानाच्या पाळ्याही त्यातच उरका. तालमीच्या ट्यूबलाइटखाली रंगभूषा पक्की करू नका. नाट्यगृहातले दिवे लावून कुणाला तरी दहाव्या रांगेत बसवा. पिवळ्या दिव्यात ठीक वाटणारा बेस पांढऱ्या एलईडीखाली हिरवट करडा दिसू शकतो. प्रयोगानंतर दोन चमचे खोबरेल चेहऱ्यावर दोन मिनिटं फिरवा, कापसाने पुसा आणि मगच फेसवॉश लावा.

पुढच्या महिन्यात मुलाचं लग्न आहे. वय 54. पार्लरमध्ये मेकअप केला की तासाभरात डोळ्यांखाली भेगा पडतात. फेशियल कधी करावं? – एक वाचक, वाई

वरचं उत्तर उलटं वाचा. तुम्हाला रंग परत आणायचा आहे, घड्या बुजवायच्या नाहीत. पाळी गेल्यावर कातडीचं तेल कमी होतं. कोरडी कातडी फाउंडेशनमधला ओलावा शोषून घेते, वर नुसती भुकटी उरते आणि हसलं की ती घडीत गोळा होते. म्हणून चेहरा धुतल्यावर ओलसर असतानाच ग्लिसरीनचं मॉइश्चरायझर लावा आणि दहा मिनिटं थांबा. ही दहा मिनिटं पार्लरवाल्या हमखास गाळतात. फाउंडेशन गालाच्या मध्यापासून बाहेर पसरवायला सांगा. डोळ्यांखाली बोटावर उरलेलं तेवढंच. पावडर फक्त नाक, कपाळ आणि हनुवटीवर. गालांना क्रीमचा ब्लश. ओठ वयानुसार पातळ होतात आणि गडद मॅट मरून त्यांना आणखी पातळ करतो, तेव्हा ओलसर, गुलाबी-विटकरी छटा घ्या. भुवया काळ्याऐवजी गडद तपकिरी भरा. शेवटी मोबाइलच्या फ्लॅशने एक फोटो काढून बघा. काही बारीक पांढऱ्या पावडरी साध्या डोळ्यांना दिसत नाहीत, फ्लॅशमध्ये मात्र पांढरे डाग उमटतात.

फेशियल लग्नाच्या पाच ते सात दिवस आधी, आणि तेही पूर्वी केलेलंच. शेवटच्या पंधरा दिवसांत नवीन क्रीम, ब्लीच, पील काहीही नको. बोटॉक्सचा विचार असेल तर तो महिनाभर आधी, कारण पूर्ण परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात. तो तीन-चार महिने टिकतो.

वीस वर्षं काळी मेंदी लावते, कधी काही झालं नाही. गेल्या वेळी मात्र डोकं खाजलं आणि पापण्या सुजल्या. सगळे म्हणतात ब्रँड बदला. – एक वाचक, विटा

ब्रँड बदलून उपयोग नाही, लावणंच बंद करा. ‘काळी मेंदी’ नावाने मिळणाऱ्या बहुतेक पुड्यांत पॅराफेनिलिनडायमिन हा रंग असतो. डब्यावर पीपीडी लिहिलेलं सापडेल. त्याची ॲलर्जी पहिल्या दिवशी येते असं नाही. वर्षानुवर्षं लावल्यावर शरीर एकदा त्याला ओळखतं आणि मग विसरत नाही. दर वेळी प्रतिक्रिया वाढत जाते. ‘अमोनियाविरहित’ म्हणजे ‘पीपीडीविरहित’ नव्हे. यापुढे ओठ किंवा चेहरा सुजला, श्वासाला त्रास झाला, तर घरी गोळी घेत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

खऱ्या मेंदीने केस केशरी-लाल होतात. दहा मिनिटांत केस काळे करते ती नुसती मेंदी नव्हे. काळसर रंग हवाच असेल तर मेंदी आणि निळीच्या पानांची पूड अशा दोन पायऱ्या आहेत. खांद्यापर्यंतच्या केसांना प्रत्येकी सुमारे 100 ग्रॅम धरा. मेंदी दोन-तीन तास ठेवून नुसत्या पाण्याने धुवा. मग निळीची पूड कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून कालवा, दहा-पंधरा मिनिटांत लावायला घ्या आणि तास-दीड तास ठेवा. लिंबू किंवा दही त्यात घालू नका, आंबटाने निळीचा रंग धरत नाही. कालवून तासभर ठेवली तरी ती मरते. मेंदीशिवाय नुसती नीळ लावली तर पांढरे केस निळे-हिरवे होतात. रंग एक-दोन दिवस हवेने गडद होत जातो, तोवर शाम्पू नको. आणि हेसुद्धा आधी कानामागे लावून 48 तास बघा. बाजारातल्या निळीतही भेसळ असते.

आमचं मत विचाराल तर पांढरे राहू द्या. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे खांद्यापर्यंतचे केस पूर्ण बदलायला दोन वर्षांहून जास्त लागतील, आखूड कापले तर सात-आठ महिने. मधला काळ दुरंगीच असतो, तिथेच बहुतेक जणी हरतात. भांग सरळ न पाडता तिरका आणि जरा वाकडातिकडा पाडला की सीमारेषा तुटते. हिरवी-पिवळी औषधी तेलं आणि बोअरचं जड पाणी पांढऱ्या केसांना पिवळेपणा आणतात. साधं खोबरेल वापरा आणि शेवटच्या पाण्यात लिटरला एक चमचा व्हिनेगर घाला. जांभळा शाम्पू आठवड्यातून एकदा, दोन-तीन मिनिटं; जास्त ठेवला तर केसच जांभळट होतात.

द्राक्षबागेत काम असतं. गालांवर वांग आलंय. मेडिकलमधून आणलेल्या क्रीमने महिन्यात उजळले होते, आता क्रीम थांबवलं की चेहरा लाल होऊन जळजळतो. – एक वाचक, तासगाव

ट्यूबवर बारीक अक्षरांत मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासॉल लिहिलंय का बघा. ही स्टिरॉइडं आहेत. पहिला महिना छान जातो. मग कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसतात, पुरळ आणि लव येते, आणि थांबवलं की आग होते. ती आग शमवायला पुन्हा तेच लावलं जातं. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची असा बदल केला, पण दुकानात मागितलं की मिळतं. बरेच महिने लावलं असेल तर एकदम न तोडता त्वचारोगतज्ज्ञांना ट्यूब दाखवून कमी करत आणा. शेजारणीलाही ती देऊ नका.

वांगाला निम्मं औषध सावलीचंच आहे. बागेत जाण्याआधी वीस मिनिटं एसपीएफ 30 किंवा जास्त असलेलं सनस्क्रीन दोन बोटांच्या लांबीएवढं, चेहरा आणि मान मिळून. दर दोन-तीन तासांनी पुन्हा. वांग नुसत्या अतिनील किरणांनी वाढत नाही, दिसणाऱ्या उजेडानेही वाढतं. म्हणून आयर्न ऑक्साइड असलेलं, कातडीच्या रंगाचं सनस्क्रीन पांढऱ्यापेक्षा बरं. पातळ ओढणीतून ऊन येतं, जाड सुती कापड घ्या. फवारणीनंतर हात साबणाने धुतल्याशिवाय चेहऱ्याला लावू नका. डॉक्टरांच्या उपचारानेही फिकट व्हायला तीन-चार महिने लागतात, आणि ऊन लागलं की वांग परत येतं.

कपाळावर टिकलीच्याच जागी पांढरा डाग पडतोय. – एक वाचक, कराड

काही टिकल्यांच्या डिंकात पीटीबीपी नावाचं रसायन असतं, ते कातडीच्या रंगपेशी मारतं. टिकली आजच बंद करा. जागा बदलून लावली तर नवा डाग पडेल. लवकर थांबवलं तर रंग बऱ्याचदा औषधांनी परत येतो, त्यामुळे डॉक्टरांना उशीर नको. मोकळं कपाळ नको वाटत असेल तर डाग भरून आल्यावर, डॉक्टरांना विचारून, शुद्ध मेणावर हळद-चुन्याचं कुंकू लावता येईल. बाजारातलं लालभडक पिंजर नको, त्यातल्या कृत्रिम रंगांनी उलट काळे डाग पडतात.

वय 62, निवृत्त शिक्षिका. ब्लाऊज मागून वर चढतो, हात उचलला की काखेत काचतो. टेलर म्हणतो, वजन वाढलंय. – एक वाचक, सातारा

वजनाआधी माप बघायला हवं. बहुतेक टेलर जुना ब्लाऊज मापाला मागतात आणि तीस वर्षांपूर्वीचं शरीर पुन्हा शिवतात. साठीनंतर पाठ वरच्या बाजूला थोडी गोल होते, खांदे पुढे येतात. पाठीला कापड जास्त लागतं, पुढे कमी. पाठीची उंची अर्धा ते पाऊण इंच वाढवा आणि खांद्याची शिवण पाव इंच पुढे घ्या. चढणं तिथेच थांबेल. टक्सचं, म्हणजे छातीशी घातलेल्या चुण्यांचं, टोकही खाली आणावं लागतं. नेहमीची ब्रा घालून खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंत नव्याने माप घ्या. पूर्वी साडेनऊ इंच असेल तर आता साडेदहा-अकरा भरेल. टक्स त्या टोकाच्या अर्धा इंच अलीकडे संपवायचे.

मुंढा (बाही जोडायचा काखेचा गोल) घट्ट वाटला की टेलर तो आणखी खाली कापतात. काचण्याचं कारण तेच. मुंढा खाली गेला की हात उचलताना अख्खा ब्लाऊज वर ओढला जातो. मुंढा काखेजवळच ठेवा आणि रुंदी बाहीला द्या. बाहीची कड दंडाच्या सर्वांत जाड भागावर आली तर दंड दुप्पट दिसतो, म्हणून ती कोपराशी नेऊन संपवा. बाहीचा घेर दंडाच्या मापापेक्षा इंचभर जास्त असावा. दोन्ही बाजूंना शिवणीच्या आत दीड इंच माया (जादा कापड) ठेवायला सांगा. खणाचा ब्लाऊज असेल तर मऊ सुती अस्तर हवंच. खण ताणत नाही आणि त्याचा पन्हा (कापडाची रुंदी) लहान असतो. बाहीला जोड लागेल, तो काखेकडे घ्यावा.

साडीत खळ घातलेलं सुती कापड पोटावर फुगतं, इरकल अंगाबरोबर पडते. पांढऱ्या केसांवर तिचे गडद रंगच उठून दिसतात. परकराला नाडीऐवजी दोन इंची पट्टा लावून घ्या. रोजच्या नाडीने कमरेला काळा वळ पडतो. त्या जागी महिनाभर न भरणारी जखम असेल तर डॉक्टरांना दाखवा, तिथे क्वचित कर्करोगही होतो.

तीन वर्षांपूर्वी तोंड वाकडं झालं होतं. बरं झालं, पण हसताना डावा डोळा लहान होतो. रंगमंचावर जायला संकोच वाटतो. – एक वाचक, मिरज

1942 मध्ये चित्रीकरणात बसलेल्या एका थपडेने ललिता पवारांच्या चेहऱ्याला लकवा झाला आणि डावा डोळा कायमचा बारीक राहिला. नायिकेच्या भूमिका गेल्या. खाष्ट सासू म्हणून त्यांनी पुढची कित्येक दशकं पडदा गाजवला. तुमच्या बाबतीत बरी होताना नस चुकीच्या स्नायूंना जोडली गेली आहे, म्हणून तोंड हललं की डोळा मिटतो. आरशासमोरची फिजिओथेरपी आणि डोळ्याभोवती बोटॉक्सचे अगदी छोटे डोस, दोन्हीने फरक पडतो. रंगभूषा करताना लहान डोळा आधी करा आणि मोठा त्याला जुळवा. लहान डोळ्याला वरची रेघ फक्त बाहेरच्या तिसऱ्या भागात; खालचं काजळ टाळा. फोटोत तीच बाजू कॅमेऱ्याकडे ठेवा, जवळचा डोळा मोठा दिसतो. पापणी नव्यानेच पडू लागली असेल, किंवा सकाळी ठीक आणि संध्याकाळी जड होत असेल, तर ते वेगळं दुखणं असू शकतं. तेव्हा मेकअपच्या आधी डॉक्टर.

जड कुड्यांनी कानाची भोकं ओघळलीत. पार्लरमध्ये औषधाने चिकटवून देतात, करावं का? – एक वाचक, फलटण

नको. ते बहुधा आम्ल असतं, पाळी भाजते आणि जोड पुन्हा सुटतो. भूल देऊन टाके घालण्याचं काम अर्ध्या-पाऊण तासाचं आहे, टाके आठवड्याभरात निघतात. नवं भोक दोन-तीन महिन्यांनी, जुन्या व्रणावर नको, जरा बाजूला. कुड्या घालताना कानामागून केसांत अडकणारे वेल लावा, वजन पाळीवर येत नाही.