ऑलिम्पिक भरवून यजमान शहराचा खर्च भरून निघतो का?

बहुतेक वेळा नाही. तिकिटं, प्रक्षेपण हक्क आणि प्रायोजकांच्या पैशातून फार तर स्पर्धेचा तो पंधरवडा निभावतो. स्टेडियम, रस्ते, मेट्रोचं बिल करदात्याच्याच माथी येतं. कॅनडातल्या मॉन्ट्रियलचंच बघा. ऑलिम्पिकला तूट येणं म्हणजे पुरुषाला मूल होण्यासारखं, असं तिथले महापौर ज्याँ द्रापो छातीठोकपणे म्हणाले होते! १९७६ची स्पर्धा संपली तेव्हा मुख्य स्टेडियमचा मनोरा अर्धवटच होता आणि कर्ज फिटायला २००६ उजाडलं, तेही तंबाखूवर खास कर लावून. अपवाद १९८४च्या लॉस एंजेलिसचा: तिथे २० कोटी डॉलरहून जास्त शिल्लक राहिली, कारण कोलिझियम हे शहरातलं जुनंच स्टेडियम वापरलं आणि दुसरा दावेदार उरला नसल्याने शहराने ऑलिम्पिक समितीकडून आपल्या अटी मान्य करून घेतल्या.