तिकीट स्वस्त आहे, पण आधी आईंचा पासपोर्ट बघा

तुमचा प्रश्न असा: आईंना घेऊन परदेशात जायचंय. रद्द केलं तर पैसे परत न मिळणारं स्वस्त तिकीट आजच घ्यावं का? आणि प्रवास विमा न काढता हप्त्याचे पैसे रोख जवळ ठेवले तर चालेल का? आई 68 वर्षांच्या, इन्सुलिनवर. दोन आठवड्यांच्या सहलीनंतर चार महिन्यांनी त्यांच्या पासपोर्टची मुदत संपते. खर्च आणीबाणीसाठी ठेवलेल्या पैशांतून करणार आहात.

तिकीट आज घेऊ नका. प्रवेशाच्या दिवसापासून पासपोर्ट सहा महिने वैध हवा, असा बऱ्याच देशांचा नियम आहे. तुमचा हिशेब साडेचार महिन्यांवरच थांबतो. विमानतळावरूनच परत पाठवलं, तर वाचवलेलं भाडं सोडा, अख्खं तिकीट बुडेल. शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) परतीनंतर तीन महिने पुरतात, पण पासपोर्ट गेल्या 10 वर्षांत काढलेला असावा लागतो. आधी नूतनीकरण करा, मग व्हिसा. व्हिसासाठी बुकिंग मागितलं तर तारीख बदलता येणारं घ्या, थोडं महाग पडलं तरी.

विम्याच्या बाबतीत मी अजिबात तडजोड सुचवणार नाही. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचं वैद्यकीय संरक्षण सक्तीचं आहे. तुमच्या पाकिटातली रोकड त्याच्या जवळपासही जाणार नाही. हप्ता वाचवून तुम्ही तेवढी जोखीम स्वतःच्या डोक्यावर घेताय. अर्जात आईंचा मधुमेह स्पष्ट लिहा आणि आधीपासूनच्या आजाराचा खर्च पॉलिसीत धरलाय का, ते विचारा. हप्ता वाढेल, वाढू दे. आजार लपवलेला निघाला तर क्लेम नाकारला जातो, आणि तोही नेमक्या नको त्या वेळी.

इन्सुलिन सामानात टाकू नका, हातातल्या बॅगेत ठेवा. विमानाच्या पोटात ते गोठू शकतं, आणि गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. सोबत मूळ वेष्टन आणि औषधाचं शास्त्रीय नाव लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी हवी. जायचं त्या देशासाठी पीतज्वराची (यलो फीवर) लस सक्तीची असेल तर ती निदान 10 दिवस आधी घ्यावी लागते, पण साठीपुढे तिचा धोका वाढतो. आईंच्या बाबतीत डॉक्टरांशी बोलल्याशिवाय देश ठरवू नका.

पैसे एकाच ठिकाणी नकोत. दोन वेगळ्या बँकांची कार्डं, थोडी रोकड. परदेशात मशीनने ‘तुमच्या चलनात पैसे द्यायचे का?’ असं विचारलं तर तिथलंच चलन निवडा, नाहीतर दुकानदाराच्या बाजूचा महाग दर लागतो.

राहिला आणीबाणीचा पैसा. त्याला हात लावू नका. पासपोर्ट नवा होईपर्यंत तसंही थांबायचंच आहे. तेव्हापासूनच सहलीसाठी वेगळं खातं उघडून दरमहा पैसे टाका. ती रक्कम जमली की तिकीट काढा.