१८४७ साली आयर्लंडहून शिडाच्या जहाजाने न्यूयॉर्कला गेलेल्या माणसाची नोंद कुठे मिळेल?
अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात शोधा, आयर्लंडमध्ये नाही. १८१९च्या अमेरिकी कायद्यामुळे बंदरात पोचल्यावर कप्तानाला उतारूंची यादी कस्टम अधिकाऱ्याकडे द्यावी लागे. न्यूयॉर्कच्या १८२० पासूनच्या याद्या तिथे आहेत. त्यातून आयर्लंडमधल्या मोठ्या दुष्काळाच्या काळातल्या, १८४६ ते १८५१ मधल्या, सुमारे ६ लाख उतारूंच्या नोंदी ऑनलाइनही नावाने शोधता येतात. आडनावाची वेगवेगळी स्पेलिंग घालून बघा. जहाज लिव्हरपूलहून सुटलेलं दिसलं तर नोंद चुकीची समजून सोडू नका, बहुतेक आयरिश लोक तिथूनच निघत. वय, व्यवसाय, देश कळेल. गावाचं नाव मात्र क्वचितच. आणि तो आधी कॅनडातल्या क्वेबेकला उतरला असेल तर शोध खरोखर अवघड आहे, कारण तिथल्या सलग याद्या १८६५ पासूनच्याच आहेत.