बोअरच्या पाण्यात फ्लोराइड १.३ आलं. रिपोर्टवर १ आणि १.५ अशा दोन मर्यादा आहेत, खरी कोणती?

दोन्ही खऱ्या. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० मध्ये (२०१२ ची आवृत्ती) दोन रकाने आहेत. पहिला 'स्वीकार्य', म्हणजे पाणी एवढंच असावं. दुसरा 'दुसरा स्रोतच नसेल तर चालवून घ्या' असा. फ्लोराइडला लिटरमागे १ मिलिग्रॅम आणि १.५. तुमचं १.३ मधे अडकलंय. जवळ नळयोजना किंवा कमी फ्लोराइडची विहीर असेल तर प्यायला तेच पाणी घ्या, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर. दातांवर डाग पडतात ते दात घडत असतानाच.

त्याच कागदावर नायट्रेटही बघा. तिथे ४५ ही एकच मर्यादा, सवलत नाही.

उकळून काही होत नाही. उलट पाणी आटतं आणि फ्लोराइड तेवढंच राहतं, म्हणजे प्रमाण वाढतं! साध्या कँडल फिल्टरनंही ते जात नाही, आरओनं जातं. नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेची फ्लोराइड काढायची तुरटी-चुन्याची नालगोंडा पद्धत आहे, पण मात्रा पाणी तपासून ठरवावी लागते, अंदाजानं तुरटी फिरवू नका.

आणि हो, हे मानक सरकारी असलं तरी तुमच्या खासगी बोअरवर लक्ष ठेवायला कुणी येत नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर, दोनदा नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या. बाटली आधी त्याच पाण्यानं विसळून घ्या.